गल्लीत दहा फूट खोल चर अन् आमचा वाडा

जानेवारीतली गोष्ट. सकाळी सव्वासहाला शाळेत जायला म्हणून दिंडी उघडली तर ओट्याच्या काळ्या दगडावर लाल ऑइलपेंटने एक बाण, खाली नंबर अन् त्याच्या खाली ३.० असं लिहिलेलं. समोर राहणाऱ्या चाचींच्या भिंतीवरही तसंच. दुपारी परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन पोरं टेप धरून उभी होती, त्यांना विचारलं तर म्हणले नवीन ड्रेनेज लाइन आहे मॅडम, मोठी, तुमच्या इथं तीन मीटर खोल येतीय कारण उतार तिकडं नाल्याकडं घ्यायचाय. तीन मीटर म्हणजे दहा फूट. आमची गल्ली अकरा फुटांची.

आमचा वाडा राजाबाजारच्या मागच्या बाजूला, जुन्या शहरात. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर, माझे सासरे, म्हणजे मामा, अजून बोलताबोलता औरंगाबाद म्हणून जातात. मलिक अंबरने १६१० मधे इथं खडकी वसवली तेव्हापासून या जमिनीवर घरावर घर होत आलंय. आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद म्हणजे निजामाच्या काळातलं उर्दू विक्रीखत, फसली १३१२ चं, म्हणजे १९०२-०३, अन् त्यातच 'पुराना मकान' असं लिहिलंय, म्हणजे तेव्हाच जुना. खाली दीड हात जाड दगडी भिंती चुन्यातल्या, वर पांढरीच्या म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं काम, सागाचे सोळा खांब, त्यावर तुळया, त्यांच्यावर आडव्या लाकडांचे सर, बारीक फळकुटांचा किलचा अन् सगळ्यावर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. ढाळजेतून, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीतून, आत आलं की चौक, चौकात तुळस, मागं परसात आड. एकवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हापासून उन्हाळ्यात या घरात मला पंखा लावून झोपावं लागलेलं नाही.

पण भीतीही मला या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त वाटली, ती का ते सांगते. माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. जाड दगडी भिंत कशी पडते ते मी बघितलंय, ती आडवी पडत नाही, उलगडते. बाहेरचा दगडांचा थर बाहेर, आतला आत, अन् मधली माती अन् कपच्या खाली ओतल्यासारख्या येतात. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार जोडदगड नसले की असं होतं. त्यामुळं 'जुनं ते सोनं, काही होत नाही' असं मला कुणी सांगितलं की ते पटत नाही, अन् 'दगडी घर आहे, पाडून टाका अन् स्लॅब टाका' हेही पटत नाही.

एक आधीच सांगते, ड्रेनेज नको असं आम्ही कधीच म्हणलं नाही. जुनी लाइन ठिकठिकाणी फुटलेली, तिचं पाणी वर्षानुवर्षं जोत्यात मुरायलंय, ढाळजेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. नवीन लाइन झालीच पाहिजे. प्रश्न एवढाच होता की ती टाकताना वाडा उभा राहील का.

सगळे करतात तसं आधी अर्ज घेऊन एका ऑफिसात गेले. पहिला प्रश्न, तुमचा वाडा संरक्षित स्मारकांत आहे का? नाही. मग त्यात आम्ही काय करणार. घरी येऊन कायदा वाचला. १९५८ चा स्मारकांचा केंद्रीय कायदा, त्यात २०१० ला दुरुस्ती झाली, संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित अन् त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. आपल्याकडं बीबी का मकबऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे आकडे पाठ आहेत. पण त्याच कायद्यात 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या बघितली तर गटारं, नाल्या, पाणीपुरवठ्याची अन् विजेची कामं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे मकबऱ्याशेजारी मजला चढवायचा तर परवानगी लागते पण ड्रेनेजची चर त्या व्याख्येत बसतच नाही. स्मारकाची ही गत, तर राजाबाजारच्या बोळातल्या वाड्याला कोण विचारतंय. त्या रात्री मला कळून चुकलं की इथं कागदावरचं संरक्षण मिळणार नाही, जे करायचं ते चरीच्या काठावर उभं राहूनच करावं लागणार.

यांच्या मित्राचे वडील पस्तीस वर्षं ओव्हरसियर होते, सगळी नोकरी पाण्याच्या अन् ड्रेनेजच्या लाइनी टाकण्यात गेली. गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडं बघितलंच नाही, सरळ खाली बसले अन् ओट्याच्या बुडाशी माती उकरून हातात चोळली. म्हणले, "ताई, वाडा पडत नसतो. वाड्याखालची माती सरकती, मग वाडा तिच्यामागं जातो." मग म्हणले पाया किती खोल आहे ते आधी बघू, अंदाजाने बोलायचं नाही.

ओट्याला लागून दोन बाय दोन फुटाचा खड्डा घेतला, टिकाव नाही, नुसती खुरपी अन् घमेलं. साडेतीन फुटांवर पाया संपला. खाली सपाट दगड नाही, मुरूम नाही, नुसती राखाडी पांढरी, तिच्यात खापरं, कोळसा, एका हिरव्या बांगडीचा तुकडा. साडेतीन-चारशे वर्षांची लोकांची राहण्याची भर, तिच्यावर आमचं घर टेकलेलं. ही माती कोरडी अन् दाबलेली असली तर दगडासारखी बसते, पण एका बाजूने मोकळी झाली किंवा पाणी लागलं की पिठासारखी वाहती.

काकांनी खडूने जमिनीवर चित्र काढलं. पायाच्या बुडापासून चरीकडं खाली ४५ अंशात तिरकी रेघ काढायची. चरीचं बूड त्या रेघेच्या वरच राहत असेल तर फार काळजी नाही, रेघेच्या खाली गेलं तर घराचं वजन ज्या मातीतून खाली उतरतं तीच माती आपण कापायलोय. आमचा हिशोब असा निघाला, गल्ली साधारण ३.३५ मीटर, चर ०.९ मीटर रुंद अन् मधोमध, म्हणजे भिंतीपासून चरीच्या कडेपर्यंत सव्वा मीटर सुद्धा नाही. पाया १.१ मीटरवर संपतो, चर ३ मीटरला, फरक १.९. रेघ चरीच्या भिंतीला मधेच येऊन धडकत होती. मी शाळेत विज्ञान अन् गणित शिकवते, पण हे चित्र बघून पोटात गोळा आला.

साइटवरचे इंजिनियर तरुण होते, वाईट माणूस अजिबात नाही, पण पहिल्या भेटीत म्हणले, "मॅडम, हे काय मेट्रो नाही, साधी ड्रेनेज लाइन आहे." मग मी महिनाभर रात्री बसून मेट्रोचंच वाचून काढलं, कारण जुन्या इमारतींखाली खोदकाम कसं करायचं हे जगाने तिथंच शिकलंय, अन् बऱ्याचदा नुकसान करून घेऊन शिकलंय. जर्मनीत कोलोनला ३ मार्च २००९ ला शहराच्या दफ्तरखान्याची इमारत कोसळली, शेजारच्या घरांतली दोन माणसं गेली, हजार वर्षांचे कागद ढिगाऱ्यात. वरून काही पडलं नव्हतं, शेजारच्या मेट्रोच्या खड्ड्याच्या भिंतीत दोष राहिला अन् तिथून पाण्यासोबत माती आत वाहून गेली. ॲमस्टरडॅमला २००८ मधे असंच, खड्ड्याच्या भिंतीतून गळती अन् जुनी घरं खचली. मुंबईत मेट्रो-३ च्या वेळी फोर्टातल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटने आपल्या जुन्या इमारतीला धोका म्हणून २०१७ मधे हायकोर्टात धाव घेतली होती. अन् जिथं नीट झालं तेही वाचलं, दिल्लीची हेरिटेज लाइन जामा मशीद अन् लाल किल्ल्याच्या जवळून जमिनीखालून नेली अन् मे २०१७ मधे सुरू केली. लंडनला १९९० च्या दशकात बिग बेनच्या जवळून ज्युबिली लाइन गेली तेव्हा मनोरा झुकू नये म्हणून खालच्या मातीत ठराविक वेळी ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण भरत राहिले, अन् रोज मोजत राहिले. मोजताना त्यांना हेही दिसलं की मनोरा ऊन-थंडीने स्वतःहूनच थोडा हलतो.

ही शेवटची गोष्ट मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवली. घर आपलं आपण किती हलतं ते आधी माहीत नसेल तर चरीमुळं किती हललं ते कुणाला सांगणार?

मग इंजिनियरला परत भेटले. ते म्हणले तुमच्या भिंतीला आधीच तडे आहेत, उद्या तुम्ही आमच्या नावावर घालाल. मी म्हणलं, बरोबर आहे साहेब, म्हणूनच आज दोघं मिळून लिहून ठेवू, यात तुमचंही भलं आहे. इथून त्यांचा सूर बदलला. दोन दिवस लागले, मी, हे, काका, इंजिनियर अन् चाचींचा मुलगा. प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक तड्याला पेन्सिलीने नंबर, दोन्ही टोकांना आडवी रेघ अन् तारीख, म्हणजे तडा पुढं गेला तर रेघ ओलांडलेली दिसते. शेजारी पट्टी धरून फोटो. कुठला दरवाजा घासतो, कुठली खिडकी लागत नाही, हेसुद्धा. आमच्याकडं ४१ तडे निघाले, चाचींकडं २७. बाहेरून भिंतींना ओळंबा लावून बघितलं, ढाळजेच्या कोपऱ्यात भिंतीला पोट आलेलं होतं, जवळजवळ दोन बोटं. सगळ्या पानांवर दोघांच्या सह्या. या सह्या मिळवायला मला चार वेळा साइटवर जावं लागलं, सही करतो म्हणून वही घेऊन जायचे अन् तशीच परत द्यायचे. पण सही झाल्याशिवाय ओट्यासमोर खोदू देणार नाही असं गल्लीने एकमुखाने सांगितलं होतं.

मोजायला जे लागलं ते सगळं साधं. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवलेली, काच ताणली जात नाही, भिंत जरा सरकली की तडकते. मोठ्या नऊ तड्यांच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे बसवले अन् त्यांच्यातल्या अंतरावरून तडा किती उघडलाय ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने मोजायचं, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन आणलं होतं. अन् गवंड्याची पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक परसातल्या आडाच्या कठड्यावरच्या खुणेला, तो गल्लीपासून लांब म्हणून तो पक्का धरायचा, अन् दुसरं टोक खांबाखांबाला लावून पेन्सिलीची रेघ. कुठला खांब खचला ते मिलिमीटरभर फरकाने कळतं. आडातलं पाणीही रोज दोरीने मोजायचं, कारण चरीतून पाणी उपसलं अन् आजूबाजूचं पाणी खाली गेलं तरी माती बसते.

खोदकाम सुरू व्हायच्या आधी तीन आठवडे मी सकाळी सहाला अन् दुपारी तीनला रीडिंग घेतलं. मामा खाटेवर बसून बघायचे. एक दिवस म्हणले, "काय मोजायलीस गं रोज, घर कुठं पळून जायलंय का?" मी त्यांना वही दाखवली. तडा नंबर ७, सकाळी २.१ मिलिमीटर, दुपारी १.९, परत सकाळी २.१. उन्हाने दगड फुगतो, तडा मिटतो, पहाटे उघडतो. मामा बराच वेळ बघत बसले अन् म्हणले, श्वास घेतंय की. त्यानंतर मी शाळेत असले की दुपारचं रीडिंग तेच घ्यायचे, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, चष्म्यावर भिंग धरून.

काम कसं करायचं याच्या अटी काकांनी लिहिल्या. खोदकामाच्या सुरक्षेसाठी आपल्याकडं आयएस ३७६४ म्हणून मानक आहे, त्यात दीड मीटरपेक्षा खोल चरीला बाजूंनी आधार द्यायचा अन् निघालेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब ठेवायची असं आहे. आमच्या गल्लीत दीड मीटर जागाच नाही, म्हणून माती काठावर टाकायचीच नाही, घमेल्याने नेऊन टेम्पोत भरायची. जेसीबी गल्लीत आणायचा नाही, ब्रेकर तर मुळीच नाही. एका वेळी चार मीटरच चर उघडायची, पाइप टाकला की त्याच दिवशी भरून घ्यायची, रात्री उघडी ठेवायची नाही. दोन्ही बाजूंना फळ्या अन् मधे जॅक, वरून खाली जसजसं खोदत जाऊ तसतसे, सगळं खोदून झाल्यावर नाही. ब्रेकरवरून खूप वाद झाला. जर्मन मानकात, डीआयएन ४१५० मधे, जुन्या नाजूक इमारतीच्या पायाशी कमी फ्रिक्वेन्सीच्या हादऱ्यांना सेकंदाला ३ मिलिमीटर अशी मर्यादा आहे, साध्या राहत्या घराला ५. ते मोजायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी काँक्रीट फोडायला ब्रेकर लावला तेव्हा काकांनी ढाळजेच्या देवळीत म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात काठोकाठ पाण्याने भरलेली पितळी परात ठेवली अन् इंजिनियरला आत बोलावलं. साठ फुटांवरच्या ब्रेकरने परातीत वर्तुळं उठत होती, अन् देवळीच्या वरून भुरभुर चुना पाण्यात पडत होता. हे काही मोजमाप नव्हे, पण ते बघून त्यांनीच फोन लावला अन् ब्रेकर बंद केला.

आतून खांबांजवळ तुळयांखाली बल्ल्या म्हणजे लाकडी वासे देऊन पाचरी ठोकल्या, हळू, तुळई उचलायची नाही, नुसतं टेकवायचं. बाहेरून तिरका टेकू द्यायला गल्लीत जागा नाही, म्हणून पहिल्या मजल्याच्या उंचीवर आमच्या भिंतीपासून चाचींच्या भिंतीपर्यंत आडव्या बल्ल्या घातल्या, दोन्ही टोकांना जाड फळी अन् फळीमागं गोणपाटाच्या घड्या म्हणजे चुन्याच्या गिलाव्याला दुखापत नको. पाच बल्ल्या. दोन घरं एकमेकांना धरून उभी. चाची खिडकीतून बघत होत्या, त्यांच्या सासूच्या वेळी या गल्लीवर मांडव पडायचा तो अशाच बल्ल्यांवर, असं म्हणल्या.

मार्चच्या सुरुवातीला खोदायला लागले. पहिले पाच दिवस रीडिंग हललं नाही, मजूरही फार जपून काम करत होते. सहाव्या दिवशी मुरमाचा टेम्पो आलाच नाही अन् संध्याकाळी चर तशीच उघडी ठेवून सगळे गेले. फळ्या होत्या, जॅक होते, पण भरलेली नव्हती. मी फोन केले, उद्या सकाळी पहिलं तेच करतो म्हणले.

रात्री साडेनऊला ढाळजेत 'टच्' असा आवाज आला. एवढासा, बांगडी फुटावी तसा. नंबर ७ ची काच. मी बॅटरी घेऊन बघेपर्यंत समोरून चाचींनी हाक मारली, "बेटी, दीवार बोल री."

चरीत बॅटरी मारली तर चाचींच्या बाजूच्या फळ्यांच्या फटीतून राखाडी गाळ वाहत होता, दुधाच्या धारेसारखा बारीक, आवाज न करता. खाली पाइपवर वीतभर साचलेला. वरच्या बाजूला साधारण चार फुटांवर चुन्यात गाडलेला एक खापरी नळ होता, भाजलेल्या मातीचा, हातभर लांबीचे तुकडे, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्यात बसवलेलं. संध्याकाळी कुणाचा तरी टिकाव त्याला लागला होता अन् खापर समजून सोडून दिलं होतं. त्यातून पाणी येत होतं. स्वच्छ. मलिक अंबरने १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी केली, डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, पुढं पाणचक्कीपर्यंतच्या नहरी झाल्या, घराघरांतल्या हौदांना अशाच खापरी नळांनी पाणी जायचं हे आम्ही सगळे ऐकत आलोय. ते पाणी अजून आमच्या गल्लीखाली चालू होतं, अन् आता चाचींच्या पायाखालची माती घेऊन चरीत उतरत होतं.

काका स्कूटरवर सव्वादहाला आले. सगळे भिंतीला टेकू द्या टेकू द्या म्हणत होते, ते म्हणले भिंत राहू द्या, आधी पाणी धरा. फुटलेल्या नळाच्या दोन्ही टोकांवर चिकणमाती अन् फडकं गुंडाळून मधे प्लास्टिक पाइपचा तुकडा बसवला अन् पाणी पलीकडं काढून दिलं. गाळ पाच मिनिटांत थांबला. मग फळीच्या मागं हात घातला तर काकांचा हात खांद्यापर्यंत आत गेला, कोपऱ्याखाली एवढी पोकळी. गल्लीतल्या पोरांनी साखळी केली, मोंढ्यातल्या ओळखीच्या दुकानातून रिकामी पोती आणली, मुरूम अन् वाळू भरून एकेक पोतं त्या पोकळीत दाबत गेले, ८४ पोती लागली. चाचींचं सगळं घर आमच्या चौकात येऊन बसलं होतं, मामांनी त्यांच्यासाठी स्वतः चहा टाकला. मी दर अर्ध्या तासाने मोजत होते. साडेदहाला नंबर ७ होता २.९. अकराला ३.२. साडेअकराला ३.४. बाराला ३.४. एक वाजता ३.४, दोनला ३.४. नळीने बघितलं तर ढाळजेजवळचा तिसरा खांब ४ मिलिमीटर खाली. पहाटे चारपर्यंत मोजलं, आकडा तिथंच राहिला.

सकाळी लाइनचं काम घेतलेल्या एजन्सीची मोठी माणसं आली तेव्हा मी एकच केलं, वही पुढं ठेवली. आदल्या संध्याकाळी सहाला २.१, इंजिनियरची सही असलेल्या पानावर २.१, रात्री साडेनऊनंतर ३.४. कुणी आवाज चढवला नाही, कुणी 'आधीपासूनचं असेल' म्हणलं नाही. चर उघडी का राहिली यावर बोलायला त्यांच्याकडं काही नव्हतं. तिथून पुढचं काम अटींप्रमाणे झालं, टेम्पो आधी उभा करायचा, मग टिकाव मारायचा. नळ तोडून बंद करा असा एक विचार निघाला होता, तो आम्ही होऊ दिला नाही. बंद केलेलं पाणी कुठून तरी वाट काढणारच अन् ती वाट कुणाच्या तरी पायाखालून जाणार. चरीवर काळ्या दगडाची लांब पट्टी दोन्ही काठांवर टेकवून तिच्यावर नळ घेतला, फुटलेले दोन तुकडे कुंभारवाड्यातून मापाचे करून घेतले अन् चुन्यात बसवले.

चर भरताना पुन्हा कटकट झाली. निघालेलीच माती परत लोटून मोकळं व्हायचं असतं सगळ्यांना. ती ढेकळं बसत नाहीत, पहिल्या पावसात खाली जातात अन् ओट्याला घेऊन जातात. आम्ही मुरूमच घेतला, वीतभर थर, पाणी, हाताने ठोकायची धुम्मस, मग पुढचा थर. व्हायब्रेटरचा रोलर नाही. दोन मजूर धुम्मस घालायचे त्याचा आवाज महिनाभर गल्लीत होता, अन् खरं सांगते, त्या आवाजाने मला झोप लागायची.

दुरुस्ती लगेच करायची नाही, एक पावसाळा जाऊ द्या, असं काका म्हणले. जुलैत गल्लीचा एक पट्टा बोटभर बसला, तिथं मुरूम वाढवला. वाडा हलला नाही. दिवाळीनंतर एजन्सीने माणूस पाठवला, सिमेंटची दोन पोती घेऊन. त्याला परत पाठवलं. चुन्याची भिंत श्वास घेती, ओल बाहेर टाकती, थोडी हलली तरी सहन करती. सिमेंट कडक, ते हलत नाही अन् ओल आत कोंडून ठेवतं, मग तडा त्याच्या शेजारून जातो अन् दगडाची कड सोलते. जुने चुन्याचं काम केलेले एक मिस्त्री बेगमपुऱ्यात भेटले. त्यांनी चुना आठ दिवस भिजवला, वाळूसोबत घोटला, त्यात गूळ अन् हिरड्याचं पाणी. तडा आधी ब्रशने साफ, मग पाण्याने ओला, मग फडक्यातून गाळलेला पातळ चुना सलाइनच्या नळीने खालून वर भरत आणला, एकदम नाही, रोज वीतभर. पोट आलेल्या जागी चार आरपार जोडदगड बसवले. ते बसवताना मी समोर उभी होते. औशाचं घर डोळ्यासमोर होतं. खर्च एजन्सीने दिला, चाचींच्या कोपऱ्याचाही.

खिळे मी काढले नाहीत. भरलेल्या तड्यावरही रविवारी सकाळी मोजते, ३.४, दुपारी ३.२, पुन्हा तोच दोन दशांशाचा फरक. मामा वहीत आपल्या हाताने लिहितात.

आता मागच्या गल्लीत लाल बाण आलेत, यावेळी पाण्याची लाइन. तिथल्या एक ताई परवा वही बघायला आल्या होत्या, त्यांचा वाडा आमच्यापेक्षा मोठा, अन् त्यांच्या भिंतीला माळवदाजवळ लांब तडा आहे. या रविवारी आठ वाजता काका अन् मी तिकडं जाणार, नळी, ओळंबा अन् काचा घेऊन. चाचींच्या मुलाने बारा पट्ट्या कापून ठेवल्यात. आधी वर जाऊन माळवद उकरून बघायचंय, कारण खालून दिसणाऱ्या तड्याचं तोंड बऱ्याचदा वर, पावसाचं पाणी मुरतं तिथं असतं, अन् ते चरीच्या आधीच लिहून घ्यावं लागेल.